ज्याची त्याची वही आणि सर्वांचे स्टोअर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे छापलेला विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हा युनियनचा माणूस. याने बोनसवर बोलावे, ठेकेदारी पद्धतीवर बोलावे, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलावे. वेबवरच्या ॲपमधली माहिती एकेका घटकातून काढून सामायिक स्टोअरमध्ये कशी न्यावी, हा हिंजवडीच्या मुलांचा विषय याने कशाला हाती घ्यावा? शंका रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण अकरावीला संपले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि माणसांत झाले. परंतु आज चाकणच्या कितीतरी कामगारांची हजेरी, रजा आणि ओव्हरटाइम मोबाइलच्या पडद्यावर आहे. टाइम ऑफिसची खिडकी बंद होऊन तिच्या जागी हा पडदा आला. खिडकीपलीकडे कारकून काय लिहितो ते वाकून पाहण्याची आम्हांला सवय होती. पडद्यामागे काय चालते तेही पाहावे लागेल, एवढाच या विषयावरचा माझा अधिकार.

सुदैवाने ‘स्टोअर’ हा शब्द या गावाला समजावून सांगायला नको. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या आधाराने भोसरीपासून चाकणपर्यंत उभी राहिलेली शेकडो लहान वर्कशॉप. या सर्वांत एक गोष्ट समान: जाळीची एक खिडकी, आत रॅक, आणि खिडकीशी बसलेला स्टोअरकीपर. ड्रिल हवे, टॅप हवा, इन्सर्ट हवी, तर चिठ्ठी द्यायची. तो चिठ्ठी पाहतो, बिन कार्डावर नोंद करतो, आणि मग वस्तू देतो. कोणीही जाळी ओलांडून हात घालायचा नाही, सुपरवायझरनेसुद्धा नाही. हा नियम मोडला की काय होते तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रत्येक मशीनखाली एक पत्र्याची पेटी असते. ऑपरेटर शहाणा असतो. वेळेला मिळत नाही म्हणून चार इन्सर्ट पेटीत दडवून ठेवतो. शेजारचाही ठेवतो. शेवटी स्टोअरचे कार्ड म्हणते शिल्लक शून्य, खरेदी खाते नवा माल मागवते, आणि शॉपमध्ये मशीनखाली पन्नास इन्सर्ट पडलेल्या असतात. लबाडी कोणाचीच नसते. प्रत्येकाने आपल्यापुरता नीट विचार केलेला असतो, आणि एकंदर हिशेब मात्र खोटा ठरलेला असतो.

आता पडद्याकडे येऊ. आपण जे पान पाहतो ते एकसंध दिसले तरी ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असते. वर नावाची पट्टी, तिच्यात सूचनांची घंटा, मध्ये रजेचा अर्ज, बाजूला महिन्याची हजेरी. या प्रत्येक तुकड्याला घटक म्हणतात. फेसबुक कंपनीने २०१३ साली रिॲक्ट नावाचे साधन सर्वांसाठी खुले केले, आणि अशा घटकांनी पान बांधण्याची रीत त्यानंतर जगभर रूढ झाली. प्रत्येक घटकाला स्वतःची स्मरणशक्ती असते. यादी उघडी आहे की मिटलेली, चौकटीत काय टंकले, आकडा किती, हे तो आपल्याजवळ ठेवतो. त्याला घटकाची स्थिती म्हणतात. मशीनखालची पेटी म्हणा ना!

एकेका घटकापुरते हे उत्तम चालते. घोटाळा होतो तो एकच गोष्ट दोन-तीन घटकांना लागते तेव्हा. खुद्द फेसबुकलाच हा घोटाळा भोवला, आणि तो त्यांनी २०१४ साली आपल्या परिषदेत जाहीरपणे सांगितला. न वाचलेल्या निरोपांचा आकडा पानावर वर दिसे. माणूस त्यावर बोट ठेवी, तो आत नवा निरोप नाहीच! निरोपांचे पान, खालची गप्पांची खिडकी आणि वरचा आकडा हे तिघे आपापला हिशेब ठेवीत. एकाने वाचल्याची नोंद केली तरी दुसऱ्याला पत्ता नसे. दोष दुरुस्त करावा, काही दिवसांनी तो पुन्हा उगवावा, असे चालले होते. शेवटी त्यांनी रीतच बदलली. माहिती एका ठिकाणी ठेवायची, ती एकाच दिशेने वाहू द्यायची, आणि घटकांनी परस्पर एकमेकांचे आकडे हलवायचे नाहीत. या रीतीला त्यांनी फ्लक्स म्हटले. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, डॅन अब्रामोव्ह या तरुणाने अँड्र्यू क्लार्क याच्या साहाय्याने तिचे सुटसुटीत रूप केले, तेच रेडक्स.

फेसबुकवर निरोपाचा आकडा चुकला तर फार काही बिघडत नाही. रजेचा आकडा चुकला तर बिघडते. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही, वाद मिटलेला नाही) ठेकेदाराच्या कामगारांसाठी असे एक ॲप आहे. एका मुलाने बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज केला. पहिल्या पानावरच्या पट्टीत शिल्लक रजा चार दिसत होती. त्याने तीन दिवस मागितले, अर्ज गेला. दोन दिवसांनी आईला दवाखान्यात न्यायचे होते, तर पट्टीत अजून चारच! त्याने आणखी तीन मागितले, तोही अर्ज गेला. पगाराच्या स्लिपवर दोन दिवस बिनपगारी झाले, वर हजेरी-बक्षीसही गेले. आम्ही त्याच्यासह व्यवस्थापकांसमोर बसलो. त्यांनी आपला पडदा दाखवला, मुलाने आपला मोबाइल दाखवला, आणि दोघेही खरे बोलत होते. अशा भांडणात युनियनची मोठी पंचाईत होते. खोटे बोलणाऱ्याशी भांडायची आम्हांला सवय आहे. दोन खऱ्यांशी कसे भांडावे?

आमच्या एका सभासदाची मुलगी हिंजवडीत हेच काम करते. तिच्यापुढे सारा प्रकार मांडला. ती हसून म्हणाली, “काका, यात तीन वह्या आहेत. पट्टीने ॲप उघडताना आकडा एकदा आणला आणि जवळ ठेवला. अर्जाच्या घटकाने आपल्या वहीत तीन वजा केले, ते पट्टीला कळलेच नाही. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत पट्टी जुनाच आकडा दाखवणार. आणि तुमचा हा मुलगा ॲप कधी बंदच करत नसेल.” खरोखरच करत नव्हता. आपल्यापैकी किती जण करतात?

मग पुढचे चार रविवार ती आमच्या कचेरीत येऊन मला आणि आणखी तीन-चार कार्यकर्त्यांना शिकवीत होती. आमच्या युनियनच्या सभासद-नोंदणीचेही एक लहानसे ॲप आहे आणि त्यातही हाच रोग होता, त्यामुळे शिकायला प्रेत बाहेरून आणावे लागले नाही. पुढे जे सांगतो ते त्या रविवारांतले आहे.

पहिल्या दिवशी तिने संगणक उघडूच दिला नाही. कागदावर पानाचे सगळे घटक काढायला लावले आणि विचारले, कोणती माहिती कोणाकोणाला लागते? वर्गणी थकली की नाही हे तीन ठिकाणी लागत होते: सभासदाच्या कार्डावर, थकबाकीच्या यादीत आणि वरच्या एकूण आकड्यात. शोधाच्या चौकटीत टंकलेले अक्षर मात्र त्या एका चौकटीलाच लागत होते. जे एकालाच लागते ते त्याच्याजवळच राहू द्यावे. जे दोन शेजाऱ्यांना लागते ते त्यांच्या वरच्या घटकाकडे सोपवावे, म्हणजे दोन भावांचा सामाईक बैल वडिलांच्या दावणीला बांधावा तसे. पण घरे दूरदूरची असली आणि वडिलांपासून नातवापर्यंत सहा हातांतून तोच निरोप फिरवावा लागत असला, तर मधल्या चौघांना त्या निरोपाशी काही कर्तव्य नसताना केवळ हमाली पडते. अशाच वेळी स्टोअर काढावे.

स्टोअरचे नियम ऐकताना मला जाळीची खिडकीच आठवत होती. माहिती एका जागी. ती कोणीही पाहावी, थेट बदलू कोणीच नये. ज्याला बदल हवा त्याने चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर काय घडले ते लिहावे, ‘अमक्याची वर्गणी जमा’ एवढेच. ती चिठ्ठी आल्यावर कार्ड कसे बदलायचे हे ठरवणारा नियम एकच आणि तोही ठरीव. तीच चिठ्ठी, तेच कार्ड, तर उत्तर नेहमी तेच. त्यात स्टोअरकीपरची मर्जी नाही, वशिला नाही. कार्ड बदलले की ज्या ज्या घटकांनी ‘आम्हांला कळवा’ म्हणून नाव नोंदवले आहे, त्यांना नवा आकडा पोचतो. पट्टीला पोचतो, यादीला पोचतो, सगळ्यांना एकदमच.

एक बारकावा मला विशेष आवडला. रेडक्समध्ये जुन्या पानावर खाडाखोड करीत नाहीत; प्रत्येक बदलाला नवे पान. ज्याने मस्टरवर पांढऱ्या शाईने केलेल्या करामती पाहिल्या आहेत त्याला याचे मोल सांगायला नको. चिठ्ठ्या क्रमाने राहिल्या तर आकडा कुठे बिघडला ते एकेक चिठ्ठी मागे जाऊन पाहता येते. अब्रामोव्हने २०१५ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हीच मौज करून दाखवली होती: ॲपचा काळ मागे-पुढे नेणे.

दुसरा बारकावा शिल्लक रजेचा. मुलगी म्हणाली, शिल्लक मुळी लिहूच नये. मिळालेली रजा लिहावी, घेतलेली लिहावी, शिल्लक दर वेळी वजाबाकीने काढावी. जो आकडा दुसऱ्या दोन आकड्यांतून निघतो तो वेगळा लिहून ठेवला की तो आणखी एक वही झाला. हे ऐकून आमचा खजिनदार गप्प झाला. त्याच्या खतावणीत शिलकेचा रकाना पेनाने भरलेला असतो.

प्रत्यक्ष स्थलांतर आम्ही एका दिवसात केले नाही. आधी वर्गणी, मग पत्ते, मग कारखान्यांची नावे. दर वेळी एकच गोष्ट स्टोअरमध्ये न्यायची, ती सर्वांना तिथून वाचायला लावायची, आणि त्याच दिवशी जुन्या प्रती काढून टाकायच्या. हे शेवटचे पाऊल लोक टाळतात, ‘असू द्या, कधी लागली तर’ म्हणतात. जुनी वही कपाटात राहिली की महिन्याने कोणीतरी तीच उघडतो.

पण आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नवा बाटगा अधिक जोराने बांग देतो. प्रत्येक गोष्ट स्टोअरमध्ये नेणे हे खूळ आहे. हात पुसायच्या कॉटन वेस्टसाठी जर कोणी चिठ्ठी मागू लागला तर शॉप दुपारपर्यंत थांबेल. रेडक्स आल्यावर पहिली काही वर्षे हिंजवडीपासून अमेरिकेपर्यंत हेच झाले. यादी उघडी की मिटलेली, याचीही चिठ्ठी! एका ओळीच्या कामाला चार फायली. शेवटी २०१६ साली खुद्द अब्रामोव्हनेच लेख लिहून सांगितले की, तुम्हांला कदाचित रेडक्सची गरजच नसेल. स्वतःच्या मालाविषयी असे लिहिणारा दुकानदार मी आमच्या बाजारपेठेत अजून पाहिलेला नाही. पुढे याच पंथातली हलकी साधनेही निघाली.

आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण व्यवस्थापक लोक त्याचा फायदा घेतात. हे स्टोअर तुमच्या मोबाइलच्या आत असते. कंपनीचा मूळ हिशेब दूरच्या संगणकावर, सर्व्हरवर असतो. मोबाइलमधल्या स्टोअरमुळे तुमच्या पडद्यावरचे तीन आकडे एकमेकांशी जुळतील. पण तिकडे कचेरीत सुपरवायझरने तुमचा ओव्हरटाइम चार तासांवरून दोन केला, तर पडद्याने पुन्हा विचारणा करेपर्यंत तुमचे स्टोअर जुनेच सांगेल. ते तिन्ही ठिकाणी जुने आणि अगदी एकमताने सांगेल! सगळीकडे एकच आकडा दिसू लागला की माणसाला तो खरा वाटू लागतो. पूर्वी तीन आकड्यांत तफावत दिसे म्हणून तरी शंका येई. मला या एकमताची थोडी भीती वाटते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. घटक पडद्यावरून उतरला की त्याच्याजवळची स्थिती त्याच्याबरोबर जाते. पुन्हा आला तर कोऱ्या पाटीने येतो. ती मुलगी हे सहज बोलून गेली, पण मला पुढचे अर्धा तास काही ऐकू आले नाही. ठेकेदाराचे दुसरे काय असते? मुलगा तोच, मशीन तेच, गेट तेच. पण ठेकेदार बदलला, नवे कार्ड आले, आणि सात वर्षांची नोकरी पहिल्या दिवसावर आली. त्याची रजा, त्याची सलग सेवा, त्याच्या हाताचे कसब, सारे जुन्या ठेकेदाराच्या वहीत होते. ठेकेदार पडद्यावरून उतरला, वही घेऊन उतरला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांची सलग सेवा मागितली होती. ती सेवा कोणाच्या वहीत सलग दिसावी?

यावर उपाय या राज्याने संगणकाच्या कितीतरी आधी काढला होता. हमाल सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच व्यापाऱ्यांची पोती वाहतो. त्याचा मालक कोण? पाचांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींचा लढा उभा केला, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नाशीच्या दशकापासून उभी होती, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती. कामगाराची नोंद मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी देईल, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी सांभाळील. व्यापारी बदलो, गाळा बदलो, हमालाची स्थिती मंडळात शाबूत. घटकातून स्टोअरमध्ये नेणे म्हणतात ते हेच!

भविष्यनिर्वाह निधीतही २०१४ साली असेच झाले. त्याआधी नोकरीगणिक नवा क्रमांक आणि मागची रक्कम आणायला तेरा नंबरचा फॉर्म. तो भरून कंटाळलेले कितीतरी जण इथे बसले असतील. बारा आकडी कायम क्रमांक आला आणि खाते माणसाच्या नावाने चालू लागले. पण तो निधीपुरता. रजा, सेवेचा काळ, अपघाताची नोंद, शिकलेले काम, हे अजून ठेकेदाराच्याच पेटीत आहे.

माथाडी मंडळात एक गोष्ट अशी आहे जी रेडक्समध्ये नाही: तिथे सरकारबरोबर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी बसतात. किल्ली एकट्याच्या कमरेला नाही. तरीसुद्धा माथाडीचे नाव सांगून चाकणच्या गेटवर खंडणी मागणारे निघालेच, आणि उद्योजकांची ती तक्रार खोटी नाही. खऱ्या हमालाचे नाव त्यापायी खराब झाले हे मी अनेक सभांत बोललो आहे. मग जिथे कामगाराचा माणूसच बसत नाही त्या स्टोअरची काय कथा? चिठ्ठ्यांची ती सुंदर यादी, काळ मागे नेणारी, ती प्रोग्रामरच्या टेबलावर दिसते आणि पान मिटले की पुसली जाते. कामगाराला दिसतो तो शेवटचा आकडा. ओव्हरटाइम दोन तास झाला एवढे दिसते. कालपर्यंत चार होता, आणि रात्री कोणीतरी चिठ्ठी दिली, हे दिसत नाही.

म्हणून त्या कारखान्यात आम्ही मागणीपत्रक दिले आहे. ठेकेदाराच्या ॲपमधला हजेरी-रजेचा प्रत्येक बदल सर्व्हरवर राहावा. कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते, हे कामगाराला स्वतःच्या मोबाइलवर वाचता यावे. आणि ठेकेदार बदलला तरी नोंद मूळ कंपनीकडे त्याच क्रमांकाने पुढे चालावी. व्यवस्थापनाने पहिल्या बैठकीत सांगितले की हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. आमच्याबरोबर ती मुलगी बसली होती. तिने विचारले, “साहेब, नेमके काय अवघड आहे? चिठ्ठ्या ठेवणे की दाखवणे?” यावर त्यांनी आठ दिवस मागून घेतले.

ज्या मुलाचे दोन दिवस बिनपगारी झाले त्याचा अर्ज याच बैठकीत जोडलेला आहे. पुढची तारीख येत्या सोमवारची, दुपारी तीनची. श्रोत्यांपैकी कोणाच्या मोबाइलवर असे दोन ठिकाणी दोन आकडे दिसत असतील, त्यांनी त्या पडद्याचे छायाचित्र तारखेसह घेऊन ठेवावे आणि सभा संपल्यावर मला भेटावे. मी डाव्या हाताच्या दाराशी थांबतो.